देवाचा मान, माणसाचा मान : ख्रिस्ती घरातील पहिला धडा

बालकाच्या स्नानसंस्काराचा विधी चर्चच्या दाराशी सुरू होतो. बाळाचे नाव काय ठेवले आणि ख्रिस्तसभेकडे त्याच्यासाठी काय मागता, हे दोन प्रश्न झाल्यावर धर्मगुरू आईवडिलांना त्यांच्या जबाबदारीची जाणीव करून देतात. देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करून ख्रिस्ताने शिकविलेल्या आज्ञा पाळण्याचे वळण या बालकाला तुम्ही लावावयाचे आहे, हे तुम्हांला नीट समजले आहे ना, अशा अर्थाचा तो प्रश्न असतो. आईवडील होकार देतात. छायाचित्रकाराच्या धावपळीत आणि बाळाच्या रडण्यात तो होकार बहुधा कोणाच्या लक्षात राहत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली प्रसिद्ध झालेला हा विधी केवळ बालकांसाठी म्हणून रचलेला पहिलाच स्नानसंस्कारविधी होय. त्यापूर्वी प्रौढांसाठीचा विधी आटोपशीर करून बालकांसाठी वापरला जाई. प्रश्न बाळाला विचारले जात आणि उत्तरे धर्मपिता व धर्ममाता देत. नव्या विधीने प्रश्नांचा रोख आईवडिलांकडे वळविला.

या प्रश्नात देव आणि शेजारी एकाच वाक्यात आले आहेत. आमच्या घरांत मात्र त्यांची वाटणी झालेली दिसते. देवाचा भाग रविवारच्या धर्मशिक्षणवर्गाकडे सोपवायचा, माणसांशी नीट वागण्याचा भाग शाळेतील मूल्यशिक्षणाच्या तासाकडे. मग एखाद्या घरातून तक्रार येते की मुलाला सगळ्या प्रार्थना तोंडपाठ आहेत, पण तो आजीला उलट बोलतो. दुसरे घर सांगते, मुलगी स्वभावाने फार गोड आहे, फक्त मिस्साला यायला कंटाळते. दोन्ही घरांना आपापली अडचण वेगळी वाटते. आमच्या मते ती एकच आहे. तिचा उलगडा करण्यासाठी दहा आज्ञांपासून सुरुवात करणे सोयीचे होईल.

दोन पाट्यांच्या सांध्यावरची आज्ञा

मोशेला मिळालेल्या दगडी पाट्या दोन होत्या, हे प्रत्येक मूल जाणते. कोणत्या पाटीवर किती आज्ञा होत्या, हे पवित्र शास्त्र सांगत नाही. संत अगस्तीन यांच्या मांडणीनुसार आपण कॅथोलिक पहिल्या तीन आज्ञा देवाविषयीच्या व उरलेल्या सात शेजाऱ्याविषयीच्या मानतो. म्हणून आईबापाचा मान राखण्याची आज्ञा आपल्याकडे चौथी. ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट बंधुभगिनींच्या मोजणीत तीच पाचवी येते. ज्यू परंपरा दोन्ही पाट्यांवर पाच-पाच आज्ञा धरते. त्या हिशेबाने आईबापाविषयीची आज्ञा देवाविषयीच्या आज्ञांच्या पाटीवर जाऊन बसते. येशूच्या काळात अलेक्झांड्रिया येथे राहणारा ज्यू तत्त्वचिंतक फिलो याने या आज्ञेची जागा दोन गटांच्या सीमेवर आहे असे लिहून ठेवले आहे. आईबाप माणसेच, पण जीवन देण्याच्या बाबतीत ती देवाच्या कार्यात सहभागी असतात, हे त्याचे कारण.

मूळ हिब्रू शब्दाकडे पाहिले की ही सीमा आणखी स्पष्ट होते. ‘मान राख’ यासाठी तेथे जे क्रियापद आहे त्याच्या धातूचा मूळ अर्थ ‘जड असणे’ असा आहे. देवाच्या गौरवासाठी हिब्रूत वापरलेला शब्दही याच धातूपासून आलेला. मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण ‘त्याच्या शब्दाला वजन आहे’ असे आपणही म्हणतो. एखाद्याला वजन देणे म्हणजे त्याच्या असण्या-नसण्याने आपल्या वागण्यात फरक पडू देणे. ज्या घरात देवाला वजन नाही तेथे रविवारची मिस्सा क्रिकेटच्या सामन्यापुढे हलकी ठरते. ज्या घरात माणसाला वजन नाही तेथे आजीचे बोलणे टीव्हीच्या आवाजापुढे हलके ठरते. तराजू मात्र एकच असतो.

लेवीय या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात हा तराजू उघड दिसतो. पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभे राहावे, ही आज्ञा आणि आपल्या देवाचे भय धरावे, ही आज्ञा तेथे एकाच वचनात आहेत. त्याच अध्यायात बहिऱ्याला शिवी देऊ नये, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, असे सांगितले आहे आणि लगेच पुन्हा देवाच्या भयाचा उल्लेख आहे. बहिऱ्याला शिवी ऐकू येणार नाही, आंधळ्याला अडथळा ठेवणारा दिसणार नाही. पण देव ऐकतो आणि पाहतो. नीतिसूत्रांचा ग्रंथ तर एक पाऊल पुढे जातो. गरिबाला छळणारा त्याच्या निर्माणकर्त्याचाच अपमान करतो आणि गरजवंतावर दया करणारा निर्माणकर्त्याचा मान राखतो, असे तो चौदाव्या अध्यायात सांगतो. तेथेही तोच जडपणाचा धातू आहे.

कोर्बान

देवाचा मान हा माणसाच्या अवमानाचा बहाणा होऊ शकतो, हे येशूने ओळखले होते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात तो परुशी व शास्त्री यांना याच मुद्द्यावर धारेवर धरतो. वृद्ध आईबापाला ज्या मालमत्तेतून मदत व्हायची, तिच्याविषयी ‘हे कोर्बान आहे’, म्हणजे देवाला अर्पिलेले आहे, असे मुलाने म्हटले की तो त्या कर्तव्यातून मोकळा होई. वरवर पाहता हे धर्माचेच काम. येशूने त्याला देवाची आज्ञा मोडणे म्हटले.

आमच्या गावांतील कोर्बान निराळ्या नावाने वावरतो. सणाच्या वर्गणीत ज्याचे नाव वर असते, तो सख्ख्या भावाशी वर्षानुवर्षे बोलत नसतो. बांध सरकला, विहिरीची वाट अडवली, वाडवडिलांच्या घराच्या वाटणीत एक खोली कमी आली, अशा कारणांनी सुरू झालेली भाऊबंदकी वसईच्या बागायती गावांना नवी नाही. जमिनीचे भाव वाढले तशी ती अधिक विखारी झाली. दोन्ही कुटुंबे एकाच चर्चमध्ये येतात, एकाच वेदीवरचा ख्रिस्तप्रसाद घेतात, शांतीचे अभिवादन करण्याची वेळ आली की दुसऱ्या बाजूच्या बाकाकडे वळतात. घरातील मुलांना सांगितलेले असते की काकांच्या अंगणात जायचे नाही, चुलत भावंडांशी खेळायचे नाही. डोंगरावरील प्रवचनात येशूने सांगितले आहे की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा. धर्मशिक्षक हा उतारा वर्गात शिकवतात तेव्हा अशा घरातील मूल खाली मान घालून बसते. त्याला उतारा कळलेला असतो.

मुलांना देवाचा व इतरांचा मान शिकवण्याच्या आड येणाऱ्या गोष्टींत आम्ही मोबाइलला किंवा मालिकांना पहिले स्थान देणार नाही. पहिले स्थान या अबोल्याला आहे.

गुडघा आणि जीभ

लहान मूल आधी शरीराने शिकते. चर्चमध्ये शिरताना पवित्र पाण्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करणे, पवित्र साक्रामेंताच्या पेटीसमोर उजवा गुडघा जमिनीला टेकवणे, शुभवर्तमान वाचताना उठून उभे राहणे, या कृती तीन-चार वर्षांचे मूल पाहून उचलते. ती कशी उचलते हे पाहायचे असेल तर शेजारी वडील ती कशी करतात ते पाहावे. पँटची इस्त्री मोडू नये म्हणून केलेले अर्धवट वाकणे आणि माशी हाकलल्यासारखी क्रूसाची खूण यांच्या हुबेहूब प्रती पुढच्या बाकांवर दिसतात. मुलाला ओरडण्यापेक्षा रविवारी पाच मिनिटे लवकर निघणे अधिक उपयोगी पडते. धापा टाकत आलेल्या माणसाला गुडघा टेकवायला सवड नसते.

गोव्यात तिन्हीसांजेच्या रोझरीनंतर मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून ‘बेसांव’ घेण्याची रीत आहे. शब्द पोर्तुगीज भाषेतून आला, अर्थ आशीर्वाद. आमच्या बाजूच्या जुन्या घरांतही रोझरी संपली की लहानांनी मोठ्यांचे आशीर्वाद घ्यावेत, अशी पद्धत होती. देवापुढे टेकलेले गुडघे उठले की तीच मुले आजोबांपुढे वाकत. दोन मानांना जोडणारा याहून सोपा पाठ आम्हांला ठाऊक नाही. रोझरी मागे पडली त्या घरांत ही रीतही तिच्याबरोबर गेली. ज्यांना रोज पन्नास ‘नमो मरिया’ जमत नसतील त्यांनी एक दशक म्हणावे, पण आशीर्वाद वगळू नये.

जिभेचे वळण त्याहून अवघड. आपल्या मुलांच्या तोंडी दिवसातून किती वेळा ‘देवाशप्पथ’ आणि ‘आईशप्पथ’ येते, ते एकदा मोजून पाहावे. चेंडू कोणी हरवला, गृहपाठ झाला की नाही, इतक्या किरकोळ गोष्टींसाठी देव आणि आई दोघांना एकदमच साक्षीला उभे केले जाते. दुसरी आणि चौथी आज्ञा एका दमात मोडण्याची ही खास मराठी सोय म्हणावी लागेल. इंग्रजी माध्यमातील मुले ‘गॉड प्रॉमिस’ म्हणतात, फरक तेवढाच. येशूने शपथेला पर्याय दिला तो साध्या होकाराचा व साध्या नकाराचा. मुलाने शपथ घेतली की आपण त्याच्या साध्या शब्दावर विश्वास ठेवतो का, हेही तपासावे. शपथेशिवाय विश्वास बसत नाही असे घरात झाले की शपथा वाढतात.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतीत्सिया’ या पत्रात कुटुंबासाठी तीन शब्दांचा आग्रह धरला होता : परवानगी मागण्याचा, आभाराचा आणि क्षमेचा. मराठी घरात ‘कृपया’ आणि ‘धन्यवाद’ परके वाटतात, भाषणातल्यासारखे. आपण ते काम ‘जरा देशील का’, ‘बरं झालं आणलंस’ अशा बोलण्यातून करतो आणि त्यात काही उणे नाही. तिसऱ्या शब्दाला मात्र आमच्याकडे असा घरगुती पर्याय नाही. ‘चुकलं माझं’ हे मोठ्यांच्या तोंडून मुलांनी क्वचितच ऐकलेले असते. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की स्वतःच्या उणिवा मुलांपुढे मान्य करणारे आईवडीलच त्यांना अधिक चांगले मार्गदर्शन करू शकतात. बापाने मुलाची क्षमा मागितली तर त्याचा मान जातो, ही भीती निराधार आहे.

‘अरे’ आणि ‘अहो’

मराठीत देवाला आपण ‘तू’ म्हणतो आणि तहसीलदाराला ‘आपण’. परमेश्वराशी जवळीक आणि त्याचा मान यांत विरोध नाही, हे या एका सर्वनामातून मुलाला आपोआप समजते. तोच ‘तू’ आपण भाजीवालीला, रखवालदाराला, कचरा नेणाऱ्याला लावतो तेव्हा मात्र जवळीक नसते, हेही त्याला तितकेच चटकन समजते. दहा वर्षांचा मुलगा वाडीत कामाला येणाऱ्या साठ वर्षांच्या वारली माणसाला ‘अरे’ म्हणून हाक मारतो आणि घरात कोणाला ते खटकत नाही. त्याच मुलाने गाडीतून आलेल्या पाहुण्याला ‘अरे’ म्हटले असते तर थप्पड बसली असती. त्याने यातून शिकायचे ते शिकून घेतले : मान वयाला नाही, माणूसपणालाही नाही, तो गाडीला आहे.

संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच चित्र रंगविले आहे. सोन्याची अंगठी घातलेला माणूस सभेत आला की त्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांच्या गरिबाला पायाशी बस म्हणायचे, याला तो सरळ भेदभाव म्हणतो. पुढच्या अध्यायात त्याच जिभेने देवाची स्तुती आणि देवाच्या प्रतिरूपाने घडविलेल्या माणसाला शाप, हे चालायचे नाही, असे तो बजावतो. पालघर जिल्ह्यातील आमच्या धर्मग्रामांत आदिवासी बंधुभगिनी एकाच मिस्साला येतात तेव्हा त्यांच्या शेजारची बाकाची जागा रिकामी राहते का, हे मुले पाहतात.

उपाय लहान आहेत. घरकामाला येणाऱ्या स्त्रीला मुलांनी ‘मावशी’ म्हणावे, वाडीतील माणसाला ‘काका’ किंवा ‘दादा’. पण नुसते नाते लावून भागत नाही. तिच्यासाठी वेगळा कप ठेवलेला असेल तर ‘मावशी’ हा शब्द खोटा पडतो आणि मूल तो खोटेपणाही शिकते.

अन्य धर्मीयांच्या मानाविषयी थोडेच सांगावे लागेल, कारण शेजाऱ्यांच्या दिवाळीचा फराळ आणि आपल्या नाताळचा फराळ यांची देवाणघेवाण आमच्या गावांत अजून चालू आहे. तरीही काही उत्साही मंडळी मुलांपुढे इतरांच्या देवांची टिंगल करतात, त्यांना वाटते यातून मुलांची श्रद्धा बळकट होईल. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात म्हटले की अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यांतील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सर्वांचा मान राखण्याची आणि देवाचे भय धरण्याची आज्ञा एकाच वचनात देतो. सर्वांचा म्हणजे त्या काळी ख्रिस्ती लोकांना छळणाऱ्या समाजाचाही. आपली श्रद्धा मुलाला नीट समजावून सांगणे, तिचे सण, तिच्या प्रार्थना, तिची कारणे त्याला देणे, हे कष्टाचे काम आहे. टिंगल सोपी असते.

मुलाचाही मान

येथवर मुलांनी कोणाकोणाचा मान राखावा हे पाहिले. मुलाचा मान कोणी राखायचा? संत पौल इफिसकरांस लिहिताना मुलांना आज्ञाधारक राहायला सांगतो आणि पुढच्याच ओळींत बापांना बजावतो की मुलांना चिडीस आणू नका. कलस्सैकरांस पाठविलेल्या पत्रात तो कारण देतो : मुले खचून जातील. रोमन साम्राज्यात बापाला अपत्यांवर जवळजवळ अमर्याद सत्ता होती. त्या समाजात बापालाही आज्ञा देणे धाडसाचे होते. धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की आईवडिलांनी मुलांकडे देवाची लेकरे म्हणून पाहावे आणि व्यक्ती म्हणून त्यांचा आदर करावा. येशूने तर लहान मुलाला शिष्यांच्या मध्यभागी उभे केले आणि अशा एकाचा स्वीकार तो माझा स्वीकार, असे म्हटले.

आज्ञापालनालाही मर्यादा आहे. एखादी आज्ञा पाळणे नैतिकदृष्ट्या चूक आहे अशी मुलाची सद्सद्विवेकबुद्धीने खात्री झाली, तर त्याने ती पाळू नये, असे तोच ग्रंथ चौथ्या आज्ञेच्या विवरणात सांगतो. हे वाक्य आमच्या प्रवचनांत फारसे ऐकू येत नाही. ‘मोठ्यांना उलट बोलू नये’, ‘फादर, सिस्टर, सर सांगतील ते ऐकावे’, ‘घरातले बाहेर सांगू नये’ हे मात्र प्रत्येक मुलाने ऐकलेले असते. लैंगिक शोषण करणारा माणूस नेमक्या याच वाक्यांचा आधार घेतो. तो बहुधा अनोळखी नसतो. घरच्यांच्या विश्वासातला, मान मिळालेला असतो. मुलाला वाटते, तक्रार केली तर आपणच उद्धट ठरू. गेल्या काही दशकांत अनेक देशांतील ख्रिस्तसभेला ज्या प्रकरणांनी मान खाली घालायला लावली, त्यांत धर्मगुरूंच्या मानाआड मुलांचे रडणे दडपले गेले होते. ‘मान’ या विषयावर लिहिताना हे टाळून पुढे जाणे आम्हांला योग्य वाटत नाही.

म्हणून मुलाला चौथ्या आज्ञेबरोबरच हेही शिकवावे की त्याचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे. त्याला नकोसा वाटणारा स्पर्श कोणीही केला, मग तो नातेवाईक असो, शिक्षक असो वा धर्मगुरू, तर ‘नाही’ म्हणणे हा उद्धटपणा नव्हे. आणि कोणी ‘हे आपल्या दोघांतच ठेव’ असे म्हटले तर ते लगेच आईबाबांना सांगायचे. मुलाने सांगितले की आधी त्याच्यावर विश्वास ठेवावा, घराण्याच्या किंवा संस्थेच्या अब्रूचा विचार नंतर. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे आणि न कळविणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. धर्मगुरू व व्रतस्थ यांच्यावर २०१९ सालच्या ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’ या पोपच्या आदेशाने ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना कळविण्याचेही बंधन घातले आहे. एक बंधन पाळले म्हणून दुसरे सुटत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येक धर्मशिक्षणवर्गाच्या भिंतीवर असायला हवा.

छडीविषयी एकच सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा व मानसिक छळ करण्यास बंदी घातली. धर्मशिक्षणाचा वर्ग हा काही त्याला अपवाद मागण्याचा विषय नव्हे.

कोणत्या वयात काय

१६२२ साली गोव्यातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोंकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक छापले गेले, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी. ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारे हेच स्टीफन्स. मूळ पोर्तुगीज पुस्तक मार्कोस जॉर्ज यांचे, मुलांना शिकविण्यासाठी संवादरूपात रचलेले. प्रश्न आणि उत्तर, असा तो साचा चारशे वर्षे टिकला. पाठांतराला आज नाके मुरडली जातात; आम्ही मुरडणार नाही. मरणशय्येवर भान हरपलेली माणसे लहानपणी पाठ केलेली ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना बरोबर म्हणतात, हे प्रत्येक धर्मगुरूने पाहिले आहे. मात्र संवादाच्या त्या साच्यात प्रश्न नेहमी गुरूच विचारतो की शिष्यही, हे पाहणे महत्त्वाचे. अनुवाद या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात मूल बापाला विचारते, या विधींचा आणि नियमांचा अर्थ काय? मग बापाने मिसरातून झालेल्या सुटकेची गोष्ट सांगायची. तेथे आरंभ मुलाच्या प्रश्नाने होतो.

सात वर्षांखालील मुलाला गोष्ट, कृती आणि शांतता पुरते. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा आधार घेऊन सोफिया कावालेत्ती व जान्ना गोब्बी यांनी १९५४ साली रोममध्ये ‘उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण’ सुरू केले. लहान मुलांच्या हाताला येतील अशा छोट्या वेद्या, मेंढरांच्या लाकडी आकृत्या, आणि मोठ्यांची कमीत कमी बडबड. मुले दंगाच करतात असे समजणाऱ्यांनी ती मुले किती वेळ शांत बसतात ते पाहावे. आमच्याच जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे जे काम केले, त्याचीही मुळे माँटेसरींच्या विचारांत होती. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलांकडे जावे, गुरे चरायला नेणाऱ्या मुलांपाशी कुरणात भरावे, इतका मुलाचा मान तेथे राखला गेला. ख्रिस्ती धर्मशिक्षकांनी कोसबाडला एक सहल जरूर काढावी.

सातव्या वर्षाच्या सुमारास मूल बरे-वाईट ओळखू लागते. पोप दहावे पायस यांनी ८ ऑगस्ट १९१० च्या आदेशाने प्रथम ख्रिस्तप्रसादाचे वय येथवर खाली आणले. त्यापूर्वी अनेक ठिकाणी मुलांना दहा, बारा, चौदा वर्षांपर्यंत थांबावे लागे. साध्या भाकरीत आणि ख्रिस्तप्रसादात फरक आहे एवढे मुलाला समजले तर पुरे, असे त्यांनी ठरविले. त्यांनी मुलावर विश्वास टाकला. आपण त्या दिवसाचा सोहळा पोशाख, केक आणि हॉलच्या भाड्यात बुडवतो. ज्या घराला हा खर्च झेपत नाही त्या घरच्या मुलाला वेदीच्या पायरीवरच आपण कमी आहोत असे वाटू लागते. काही धर्मग्रामांत सर्व मुलांना सारखाच साधा पांढरा झगा देण्याची पद्धत आहे. ती सगळीकडे यावी.

पुढे सोळाव्या-सतराव्या वर्षी मूल एखाद्या रविवारी म्हणते, मी मिस्साला येत नाही. मारहाण किंवा पॉकेटमनी बंद, हे दोन्ही उपाय फसलेले आम्ही पाहिले आहेत. बारा वर्षांचा येशू तीन दिवसांनी मंदिरात सापडला तेव्हा मरियेने त्याला आधी प्रश्न विचारला. आपण आणि योसेफ किती कासावीस झालो ते सांगितले. त्याचे उत्तर दोघांनाही समजले नाही, असे लूक स्पष्ट लिहितो. तरीही तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला, आणि आईने सारे मनात जपून ठेवले. प्रश्न विचारणे, आपले दुःख न लपविणे, न समजलेले उत्तर पोटात ठेवून वाट पाहणे, आणि दरम्यान स्वतः मिस्सा न चुकविणे, एवढे आईबापाच्या हाती असते.

पिकले केस

चौथी आज्ञा मुळात लहान मुलांना उद्देशून दिलेली नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सीनाय पर्वतापाशी ती ऐकणारी माणसे प्रौढ होती. त्यांचे आईबाप थकलेले, कामाच्या दृष्टीने ‘निरुपयोगी’ झालेले. बेन सिराच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात मुलाला सांगितले आहे की बापाची बुद्धी क्षीण झाली तरी त्याला समजून घे, तू भर ताकदीत आहेस म्हणून त्याला तुच्छ लेखू नकोस. विसराळूपणाने तीच गोष्ट दहा वेळा विचारणारे आजोबा आज जवळजवळ प्रत्येक आळीत आहेत. त्यांच्या अकराव्या प्रश्नाला त्यांचा मुलगा कोणत्या आवाजात उत्तर देतो, ते नातू ऐकत असतो. आजीला पेज भरवायची असेल तर एक दिवस चमचा नातीच्या हाती द्यावा. सांडली तर पुसता येते.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैच्या चौथ्या रविवारी आजी-आजोबा व वृद्धांचा जागतिक दिन पाळण्याची प्रथा घालून दिली. संत योआकिम व संत अ‍ॅना यांच्या २६ जुलैच्या सणाच्या आसपास तो येतो. आमच्या धर्मग्रामांत त्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, मुले नाच बसवतात, भाषणे होतात. जुलैत पाऊस असतो. कार्यक्रम ठरविणाऱ्या समितीने सत्कारमूर्तींना घरून आणायचे कोणी आणि सोडायचे कोणी, याची यादी आधी करावी, आणि प्रत्येक नावापुढे धर्मशिक्षणवर्गातील एका मुलाचे नाव छत्रीसह लिहावे.